ताफा नुसत्या पोलादाने वाचत नाही : फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

लष्कराच्या किंवा निमलष्करी दलाच्या ताफ्यावर कुठेही हल्ला झाला, जवान गेले, की दोन दिवसांत एक मजकूर फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं एकच असतं. सगळ्या गाड्या चिलखती करा, प्रत्येक गाडीवर जॅमर (रेडिओ लहरी अडवणारं यंत्र) बसवा, ताफा मोठ्यात मोठा ठेवा, कुठेही न थांबता सुसाट पळवा, रस्त्यावर बाकी कुणाला फिरकू देऊ नका, आणि हे जमत नसेल तर सगळं विमानाने न्या. एवढं केलं की एकही जवान जाणार नाही. शेवटी बहुतेक वेळा एक टोमणाही असतो : हे ट्रक चालवणारे, लढणारे थोडेच, म्हणून त्यांची कुणाला पर्वा नाही.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा संताप खरा असतो आणि तो रास्तही आहे. पण त्यातून पसरणारी समजूत घातक आहे. संरक्षण म्हणजे गाडीवर चढवायची एखादी वस्तू, ती विकत घेतली की काम झालं, अशी ती समजूत. प्रत्यक्षात ताफा सुखरूप पोचणार की नाही, हे पुष्कळदा गाड्या फाटकातून बाहेर पडण्याआधीच ठरलेलं असतं. रस्त्याच्या कडेला काय चाललंय हे आपल्याला किती माहीत आहे, आपण कधी आणि कुठून जाणार हे समोरच्याला किती माहीत आहे, आणि मुळात ही फेरी करायलाच हवी होती का, यावर ते ठरतं. पोलादाचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून एकेक दावा घेऊन बोलतो.

दावा पहिला : सगळ्या गाड्या चिलखती केल्या की प्रश्न मिटला

यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. सपाट बुडाच्या गाडीखाली सुरुंग फुटला की सगळा दणका आत बसलेल्यांच्या पायांत आणि मणक्यात जातो. बूड इंग्रजी व्ही अक्षरासारखं निमुळतं केलं आणि जमिनीपासून उंच उचललं, तर स्फोटाचा मोठा भाग दोन्ही बाजूंना फेकला जातो. ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकात हे तंत्र आकाराला आलं, आणि दक्षिण आफ्रिकेच्या 'बफेल', 'कॅस्पिर' या गाड्या त्यातूनच आल्या. इराकमध्ये रस्त्याकडेच्या बॉम्बनी अमेरिकी सैनिक मरत राहिले, तेव्हा २००७ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी याच धर्तीच्या 'एमरॅप' गाड्यांना सर्वोच्च प्राधान्य दिलं. सुमारे २७ हजार गाड्या बनल्या, खर्च ५० अब्ज डॉलरच्या आसपास गेला. त्यांनी कितीतरी माणसं वाचवली, यात शंका नाही.

पण प्रश्न मिटला नाही. चिलखत जाड झालं तसा समोरच्याने बारूद वाढवला. तांब्याची तबकडी स्फोटाच्या दाबाने गोळीसारखा आकार घेऊन प्रचंड वेगाने पोलाद भेदते, अशा प्रकारचे बॉम्ब इराकमध्ये आले आणि चांगल्या चिलखती गाड्याही त्यापुढे टिकल्या नाहीत. आपल्याकडे बस्तरमध्ये, बिजापूर भागात, सप्टेंबर २००५ मध्ये खास सुरुंगरोधक म्हणून घेतलेली गाडीच सुरुंगाने उडवली गेली आणि वीसहून अधिक जवान गेले. 'सुरुंगरोधक' या बिरुदाला मर्यादा असते. किती किलो स्फोटकांपर्यंत गाडी टिकेल हे बनवतानाच ठरलेलं असतं, आणि समोरचा ती मर्यादा ओलांडायला मोकळा असतो.

दुसरं म्हणजे वजन. या गाड्या १४-१५ टनांपासून पुढे जातात आणि उंच असल्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्य वर असतो. कालव्याकाठचा मऊ रस्ता खचला, जुना पूल बसला, वळणावर वेग जास्त झाला, की गाडी कलंडते. इराकमध्ये अशा अपघातांत माणसं दगावली. अफगाणिस्तानच्या डोंगरवाटांवर तर या गाड्या इतक्या अवजड ठरल्या, की त्यांच्यासाठी हलका प्रकार वेगळा काढावा लागला.

आणि ताफा म्हणजे फक्त माणसं नेणाऱ्या गाड्या नव्हेत, हे तर त्या मजकुरात गृहीतच धरलेलं नसतं. ताफ्यात इंधनाचे टँकर असतात, दारूगोळ्याचे ट्रक असतात, रेशन असतं. टँकरच्या केबिनला पत्रा ठोकता येईल, पण टाकीचं काय? समजा एक ट्रक १० टन माल नेतो आणि चिलखताने त्यातले २ टन खाल्ले. १०० टन पोचवायला आधी १० फेऱ्या लागत होत्या, आता १३ लागतील. प्रत्येक फेरी सुरक्षित झाली, पण त्याच रस्त्यावर तीन फेऱ्या जास्त झाल्या. हे गणित मांडल्याशिवाय 'चिलखत चढवा' असं म्हणणं अर्धवट आहे.

व्हिएतनाममधली एक घटना मला या संदर्भात फार बोलकी वाटते. २ सप्टेंबर १९६७ रोजी प्लेकूहून परतणारा अमेरिकी ट्रकांचा ताफा १९ नंबरच्या रस्त्यावर गाठला गेला. काही मिनिटांत ७ जण ठार आणि १७ जखमी झाले, बहुतेक ट्रक निकामी झाले. त्यानंतर वाहतूक तुकड्यांतल्या जवानांनी हाताशी असलेले ट्रकच बदलायला घेतले. आधी लाकडी फळ्या आणि वाळूच्या गोण्या, पाऊस पडला की गोण्या भिजून वजन दुप्पट होतंय हे कळल्यावर भंगारातले पोलादी पत्रे, आणि त्यावर मशीनगन. यांना गन ट्रक म्हणत. त्यांची खरी किंमत पत्र्यात नव्हती. आठ-दहा मालट्रकांमागे असा एक ट्रक, त्यावर रेडिओ, आणि हल्ला झाला की पळून न जाता माराच्या जागेकडे वळून उत्तर देण्याचं ठरलेलं काम, ही ती पद्धत होती. हल्लेखोराला 'हे ट्रकवाले आहेत, उलटून मारणार नाहीत' ही जी खात्री होती, तीच या पद्धतीने काढून घेतली.

त्याच १९ नंबरच्या रस्त्यावर, जून १९५४ मध्ये, फ्रेंचांचा 'मोबाइल ग्रुप १००' हा अख्खा लढाऊ दस्ता आन खेहून निघताना कापला गेला होता. रस्ता तोच, डोंगर तेच, झाडी तीच. तेरा वर्षांत सैन्य बदललं, गाड्या बदलल्या. घात लावायच्या जागा बदलल्या नाहीत.

दावा दुसरा : प्रत्येक गाडीवर जॅमर हवा

रेडिओ लहरींनी उडवले जाणारे बॉम्ब रोखायला जॅमर हवाच, यात दुमत नाही. पण तो फक्त रेडिओ रोखतो. इराक आणि अफगाणिस्तानमध्ये जॅमर सर्रास आले तशी तारेने किंवा नुसत्या दाबाने फुटणाऱ्या बॉम्बची संख्या वाढली. त्यात लहरीच नाहीत, मग अडवायचं काय? १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाजवळ लेथपोरा इथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बसवर आदळली ती माणसाने स्वतः चालवत आणलेली गाडी होती. तिथे कुठला जॅमर काय करणार होता?

युक्रेनमध्ये हीच गोष्ट ड्रोनच्या बाबतीत घडली. दोन्ही बाजूंनी ट्रकांवर ड्रोनरोधक जॅमर बसवले, आणि २०२४ पासून ऑप्टिकल फायबरच्या बारीक तारेवर चालणारे ड्रोन मोठ्या प्रमाणात आले. तार मागे उलगडत जाते, संदेश तारेतून येतो-जातो, जॅमर निरुपयोगी. त्यावर उत्तर म्हणून काय आलं? मासेमारीची जाळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब रोवून, वरून आणि कडेने जाळी लावून मैलच्या मैल बोगदे केले गेले. इतकं साधं साधन अत्याधुनिक यंत्राच्या जोडीला उभं करावं लागलं, यातच काय ते आलं.

जॅमर लावावेत. पण तो गाडीवर आहे म्हणून रस्ता तपासण्यात ढिलाई झाली, तर न लावलेला बरा.

दावा तिसरा : ताफा जितका मोठा तितका सुरक्षित

हा दावा सगळ्यात जास्त पटणारा आहे, आणि तो कुठून आला हेही कळतं. समुद्रावर तो खरा आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये ब्रिटिशांनी व्यापारी जहाजं एकत्र, युद्धनौकांच्या पहाऱ्यात न्यायला सुरुवात केली आणि पाणबुड्यांकडून होणारं नुकसान घटलं. दुसऱ्या महायुद्धात भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या चमूने नौदलासाठी आकडे तपासले. त्यांना दिसलं, की एका हल्ल्यात बुडणाऱ्या जहाजांची संख्या ताफा लहान की मोठा यावर फारशी अवलंबून नसते. म्हणजे ताफा मोठा केला तर बुडणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं. कारण भूमितीचं आहे. समुद्रावर ताफा पसरतो. जहाजं दुप्पट झाली तरी राखायचा परीघ दुप्पट होत नाही, त्याहून बराच कमी वाढतो.

रस्त्यावर ताफा पसरू शकत नाही. तो एक रेघ असतो. गाड्या दुप्पट झाल्या की रेघ दुप्पट, आणि राखायच्या दोन्ही कडा दुप्पट. पुलवामाच्या त्या ताफ्यात ७८ गाड्या होत्या आणि अडीच हजारांहून जास्त जवान. बर्फामुळे महामार्ग काही दिवस बंद राहिला होता, माणसं जम्मूत साठली होती, रस्ता उघडल्यावर सगळी एकदम निघाली. आता हिशेब करू. दोन गाड्यांत ५० मीटर अंतर ठेवलं आणि गाड्यांची लांबी धरली, तर ७८ गाड्यांची रांग साडेचार किलोमीटरच्या पुढे जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाने ती एका ठिकाणावरून पूर्ण पुढे सरकायला जवळजवळ सात मिनिटं लागतात. पहिली गाडी दिसली, आता मागे बाकीच्या येतायत, हे कडेला उभ्या असलेल्या कुणालाही सात मिनिटं दिसत राहतं. अंतर कमी केलं तर रांग आखडते, पण मग एका स्फोटात दोन-तीन गाड्या सापडतात.

कीव्हचं उदाहरण तर साऱ्या जगाने उपग्रहातून पाहिलं. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी रशियाची सुमारे ६४ किलोमीटर लांबीची रांग कीव्हच्या उत्तरेला उभी होती. पुढचे पूल उडवलेले, बाजूला चिखल, इंधन संपत आलेलं, पुढच्या आणि मधल्या गाड्यांवर हल्ले. मागच्यांना पुढे जाता येईना, पुढच्यांना मागे वळता येईना. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती पांगली, कीव्हला न पोचताच. १९९१ मध्ये कुवेतमधून बसऱ्याकडे निघालेली इराकी वाहनं मुतला टेकडीच्या चढावर पुढून-मागून अडकली, वर विमानांचं छत्र नव्हतं, आणि काय झालं त्याचे फोटो आजही अंगावर येतात.

म्हणून जमिनीवरची शहाणी वाहतूक गट लहान ठेवते आणि दोन गटांत वेळेचं अंतर राखते. प्रत्येक गटाला आपला कमांडर, आपलं संरक्षण, आपली ओढून नेणारी गाडी. बर्फाने किंवा दरडीने माणसं साठली, तरी साठलेलं सगळं एका दिवशी काढायचं नाही, हा नियम पाळणं अवघड असतं. साठलेल्या जवानांना रजेवर किंवा कामावर पोचायचं असतं, ट्रान्झिट कॅम्प भरून वाहत असतो. नेमकी तीच वेळ धोक्याची असते, कारण रस्ता उघडला की ताफा येणार हे साऱ्या खोऱ्याला माहीत असतं.

दावा चौथा : न थांबता सुसाट पळवा

माराच्या टप्प्यात सापडल्यावर तिथे रेंगाळायचं नाही, बाहेर पडायचं, हे बरोबर. पण संपूर्ण प्रवासच सुसाट करायचा म्हटलं की ताफा तुटतो. पुढची गाडी चढ ओलांडून वेग घेते तेव्हा शेवटची चढाच्या पायथ्याशी असते. अंतर वाढतं, मागचा ते भरून काढायला जिवावर उदार होऊन पळतो, पुढे अचानक ब्रेक लागतो. तुटलेल्या ताफ्याचं काय होतं, ते पाहायला २३ मार्च २००३ ची नासिरियाची घटना पुरेशी आहे.

अमेरिकेची ५०७ वी मेंटेनन्स कंपनी म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांची तुकडी. ती सहाशे वाहनांच्या मोठ्या ताफ्याच्या शेपटाला होती. वाळूत गाड्या रुतत गेल्या, बंद पडलेल्या गाड्या ओढत आणाव्या लागल्या, मुख्य ताफा तासन्‌तास पुढे निघून गेला. मागे राहिले ३३ जण आणि १८ गाड्या. दोन-तीन दिवस कुणाला धड झोप नव्हती. शहर टाळून जाणारा वळसा ठरला होता, पण कंपनी कमांडरच्या नकाशावर सरळ शहरात जाणाराच मार्ग रंगवलेला होता, आणि वळसा घ्यायचा आहे हे त्याच्यापर्यंत नीट पोचलंच नव्हतं. वळण चुकलं, ताफा नासिरिया शहरातून आरपार गेला. जाताना फारसं काही झालं नाही. चूक लक्षात आल्यावर वळून परत निघाले, आणि तोवर शहर जागं झालं होतं.

पुढचं वाचताना जीव कासावीस होतो. अवजड गाड्यांना अरुंद रस्त्यावर वळता येईना, ओढून नेणाऱ्या गाडीतलं इंधन संपलं, ताफ्याचे तीन तुकडे झाले आणि एकाचा दुसऱ्याशी संपर्क राहिला नाही. वाळू आणि धूळ बसलेल्या बंदुका अडकल्या. लष्कराच्याच चौकशीत पुढे नमूद झालं, की शस्त्रांची निगा नीट ठेवली गेली नव्हती. ११ जण मारले गेले, ७ पकडले गेले. यात चिलखताचा प्रश्न दुय्यम होता. मार्ग बदलल्याचा निरोप प्रत्येक चालकापर्यंत न पोचणं, थकलेली माणसं, न पुसलेल्या बंदुका आणि मागे पडलेल्यासाठी न थांबलेला मुख्य ताफा, इथे माणसं गेली.

वेगाच्या भक्तांनी आणखी एक आकडा लक्षात घ्यावा. अमेरिकी सरकारच्या लेखापाल कार्यालयाने २०२१ मध्ये लष्कर आणि मरीन दलाच्या वाहनांचे अपघात तपासले. युद्धातले नव्हे, एरवीचे. २०१० ते २०१९ या आर्थिक वर्षांत असे ३,७५३ अपघात नोंदले गेले आणि १२३ जण दगावले. कारणं म्हणून पुढे आली ती चालकाचं लक्ष नसणं, देखरेखीतली ढिलाई आणि अपुरं प्रशिक्षण. शत्रूचा एकही माणूस न लागता.

दावा पाचवा : रस्त्यावर दुसरं कुणी येऊच देऊ नका

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये हे करून दाखवलं गेलं. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ या काळात 'रेड बॉल एक्स्प्रेस' ही ट्रकांची वाहतूक चालली. एक रस्ता फक्त जाण्यासाठी, दुसरा फक्त येण्यासाठी, आणि दोन्हींवर इतर वाहनांना मज्जाव. ऐन भरात सुमारे सहा हजार ट्रक धावत होते आणि चालवणारे बहुतांश कृष्णवर्णीय सैनिक होते. पण ते तीन महिन्यांपुरतं होतं, आणि आजूबाजूचे लोक मुक्तिसेना म्हणून स्वागत करणारे होते.

जिथे वर्षानुवर्षं ताफे जातात तिथे हे चालत नाही. पुलवामानंतर, एप्रिल २०१९ पासून, उधमपूर ते बारामुल्ला हा महामार्ग आठवड्यातले दोन दिवस नागरी वाहनांना बंद ठेवला गेला. त्या प्रदेशाचा तोच मुख्य रस्ता. रुग्ण, विद्यार्थी, फळांचे ट्रक, सगळे त्यावरच. दोनेक महिन्यांत ती व्यवस्था संपली. शिवाय कुठल्या दिवशी ताफे जाणार हे आधीच जाहीर झालं होतं, हा धोका वेगळाच. आणि कडेच्या प्रत्येक माणसाला शत्रू समजून वागलं की काय होतं, ते बगदादच्या निसूर चौकात १६ सप्टेंबर २००७ ला दिसलं. अमेरिकी कंत्राटी रक्षकांच्या ताफ्याने भर चौकात गोळीबार केला आणि १७ इराकी नागरिक मारले गेले. त्यानंतर त्या शहरात कोण कुणाला सावध करायला पुढे येणार होतं?

कडेचे लोक हा ताफ्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अचूक इशारा असतो. एरवी उघडं असलेलं दुकान बंद आहे, रोज रस्त्यालगत खेळणारी पोरं आज नाहीत, गुरं नेहमीच्या उतारावर नाहीत, यावरून जाणता जवान गाडी थांबवतो. पण नेहमीचं काय असतं हे माहीत असेल तरच आजचं वेगळं काय ते दिसतं. त्यासाठी रोज त्याच रस्त्यावर पायी चालणारी माणसं लागतात.

रोड ओपनिंग पार्टीचं, म्हणजे ताफ्याआधी रस्ता तपासून मोकळा करणाऱ्या तुकडीचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं, पण माझ्या मते ताफ्याचं खरं कवच तेच आहे. उजाडायच्या आधी जवान निघतात. रस्त्याच्या दोन्ही कडांनी, एकमेकांपासून अंतर ठेवून, काही जण डांबरापासून लांब शेतातून किंवा उतारावरून. कुत्रा पुढे, त्याच्या मागे त्याला हाताळणारा. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीपाशी एक जण आडवा होऊन आत डोकावतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवून उभा. काल नव्हता असा दगडांचा ढीग, ताजी उकरलेली माती, डांबराला पडलेला नवा ठिगळ, गवतात सरळ रेषेत दबलेली वाट. रस्ता उघडला असं कळवल्यावर काम संपत नाही, उलट तेव्हा सुरू होतं. शेवटची गाडी जाईपर्यंत उंचवट्यांवर बसून राहायचं, उन्हात किंवा बर्फात. ताफा काही मिनिटांत निघून जातो, ही माणसं संध्याकाळी परततात. लोकांच्या नजरेत ती कधी येत नाहीत, आणि पार्टीत माणसं कमी पडली की ताफ्याची जोखीम त्याच दिवशी वाढते.

उंचवटा हा शब्द आलाच आहे तर कारगिल आठवायला हवं. १९९९ मध्ये द्रासच्या वरच्या शिखरांवर घुसखोर बसले होते आणि खाली श्रीनगर-लेह रस्ता त्यांच्या तोफांच्या नजरेत होता. ताफे रात्री, दिवे बंद करून, चालकाच्या अंदाजावर जात. त्या ट्रकांना कितीही पत्रे ठोकले असते तरी तोफगोळ्यापुढे काही उपयोग नव्हता. रस्ता मोकळा झाला तो १३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल परत घेतल्यावर. ती शिखरं घेताना जे गेले, ते खालच्या प्रत्येक ट्रकच्या चालकासाठीही गेले.

सोव्हिएत सैन्याने हेच अफगाणिस्तानात केलं, पण टिकवू शकलं नाही. १९८७ च्या नोव्हेंबरपासून मोठी मोहीम काढून त्यांनी गार्देझ ते खोस्त हा वेढलेला रस्ता उघडला, वर्षअखेरीस ताफे खोस्तला पोचले. रस्त्यावरचं सैन्य मागे घेतल्यावर वाट पुन्हा बंद झाली. उघडलेला रस्ता उघडा ठेवायला रोज माणसं लागतात, ही बाब कुठल्याही यंत्राने बदललेली नाही.

दावा सहावा : सगळं विमानाने न्या

माणसांसाठी हे बऱ्याच अंशी योग्य आहे. पुलवामानंतर आठवड्याभरात निमलष्करी दलांच्या सगळ्या हुद्द्यांच्या जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानप्रवासाची मुभा मिळाली. हे आधीच व्हायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

मालाचं तसं नाही. सी-१७ सारखं अजस्र विमान एका खेपेत जास्तीत जास्त ७७ टनांच्या आसपास नेतं, सी-१३० जे सुमारे वीस टन. इंधन, दारूगोळा, सिमेंट, धान्य या सगळ्याचा रोजचा भार त्यावर टाकता येत नाही. हवामान बिघडलं की विमानतळ बंद, आणि शत्रूकडे क्षेपणास्त्रं असतील तर आकाशही रस्त्याइतकंच धोक्याचं. स्टालिनग्राडला वेढलेल्या जर्मन सैन्याला रोज किमान ३०० टन हवे होते. विमानांनी सरासरी त्याच्या निम्मेही पोचले नाहीत.

त्या मजकुरात कधीच नसलेला उपाय इथे सांगायला हवा : फेऱ्याच कमी करा. अमेरिकी लष्कराच्या पर्यावरण धोरण संस्थेने २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००७ च्या आकड्यांवरून अफगाणिस्तानात इंधनाच्या दर २४ ताफ्यांमागे एक माणूस मृत किंवा जखमी होत होता. इंधन कशासाठी लागत होतं? बरंचसं जनरेटरसाठी, आणि जनरेटर तंबू गार ठेवण्यासाठी. तंबूंवर फोमचा जाड थर फवारला, की त्यांना लागणारी वीज घटते. २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या सांगिनला गेलेल्या मरीन तुकडीने घडीचे सौर पॅनेल सोबत नेले, आणि छोट्या चौक्यांवर जनरेटर बंद राहू लागले. न निघालेल्या टँकरवर कुणी हल्ला करू शकत नाही. तंबूवरचा फोम फोटोत चिलखती गाडीसारखा भारदस्त दिसत नाही, म्हणून त्याचा प्रचार होत नाही, एवढंच.

दावा सातवा : ट्रक चालवणारे लढणारे नव्हेत

मजकुरातल्या या टोमण्याचा मला सर्वात जास्त राग येतो, कारण तो ज्यांच्या बाजूने बोलल्याचा आव आणतो त्यांचाच अपमान करतो. अफगाणिस्तानात नऊ-दहा वर्षांत सोव्हिएत सैन्याने १४७ रणगाडे गमावले. ट्रक किती? ११,३६९. आघाडी नसलेल्या युद्धात शत्रू आधी ट्रकच शोधतो.

आणि हा समज फक्त लोकांत असता तर एक वेळ चाललं असतं. कित्येक सैन्यांनीही तो वर्षानुवर्षं जपला. लढाऊ पलटणीला गोळीबाराचा सराव भरपूर, वाहतूक तुकडीला वर्षातून एकदा चांदमारी. चांगले रेडिओ आधी पायदळाला, उरलेले ट्रकना. नकाशे आणि ताज्या बातम्या कमांडरपर्यंत, चालकाला 'पुढच्या गाडीच्या मागे चल'. नासिरियात हे उघडं पडलं. वर्षभराने ९ एप्रिल २००४ ला बगदाद विमानतळाकडे इंधन नेणारा ताफा लढाई पेटलेल्या रस्त्यावरच पाठवला गेला, तेव्हा टँकर चालवणारे नागरी कंत्राटी चालक होते, हातात शस्त्र नसलेले. त्यातले सहा मारले गेले. तो रस्ता त्या दिवशी वापरू नये ही माहिती होती, पण निघणाऱ्यांपर्यंत ती वेळेत पोचली नाही.

या दोन घटनांनंतर अमेरिकी लष्कराने वाहतूक तुकड्यांचं प्रशिक्षण बदललं. चालत्या ट्रकमधून खऱ्या गोळ्यांचा सराव, हल्ला झाल्यावर कोणती गाडी काय करणार याची रंगीत तालीम, निघण्याआधी प्रत्येक चालकाला मार्ग, पर्यायी मार्ग आणि तुटल्यास भेटायची जागा सांगणं, आणि परतल्यावर काय वेगळं दिसलं हे चालकालाच विचारून लिहून घेणं, ही तिथली नेहमीची कामं झाली. शेवटची गोष्ट इतर बऱ्याच ठिकाणी अजूनही होत नाही. महिनोनमहिने तोच रस्ता तुडवणाऱ्या चालकाला कुठल्या वळणावर नवी भिंत उभी राहिली, कुठल्या मोरीचं तोंड कुणी साफ केलं, हे कुठल्याही ड्रोनपेक्षा आधी दिसतं. त्याला विचारणारा अधिकारी आणि ते लिहून घ्यायची वही, यासाठी खरेदीची निविदा काढावी लागत नाही.